फ्रीड्रिख फ्रोबेल

फ्रीड्रिख विल्हेल्म आउगुस्ट फ्रोबेल (२१ एप्रिल १७८२ – २१ जून १८५२) हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ आणि किंडरगार्टन, म्हणजेच बालोद्यान, या पद्धतीचे जनक होते. शाळेत जाण्याच्या वयापूर्वीची मुले काय करतात, कशी शिकतात आणि त्यांना शाळेसाठी कसे तयार करावे, या प्रश्नाला त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे वाहिली. आज महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही मूल ‘केजी’त जाते, असे सहज म्हटले जाते. त्या दोन अक्षरांमागचा मूळ जर्मन शब्द फ्रोबेल यांनी १८४० मध्ये योजला. त्याचा अर्थ मुलांची बाग असा आहे. या बागेत पाटी-पुस्तकाला जवळजवळ स्थान नव्हते, हे मात्र आज फारसे कोणाच्या लक्षात नसते.

== बालपण ==

फ्रोबेल यांचा जन्म मध्य जर्मनीतील थ्युरिंजियाच्या डोंगराळ भागात, ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील योहान याकोब फ्रोबेल हे ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. त्यांच्याकडे अनेक खेड्यांचा कारभार असल्यामुळे मुलांकडे पाहण्यास त्यांना उसंत मिळत नसे. फ्रीड्रिख नऊ महिन्यांचे असताना आई वारली. लहानग्याचा सांभाळ घरातील नोकरमाणसांनी आणि मोठ्या भावंडांनी केला. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला. सावत्र आईने आरंभी मुलाला जवळ केले. परंतु तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर तिची वागणूक पालटली. जर्मन भाषेत घरच्या मुलाशी ‘तू’ अशा एकेरी सर्वनामाने बोलतात. सावत्र आईने ते सोडून, परक्या किंवा हलक्या दर्जाच्या माणसाला लावतात तसे तृतीयपुरुषी संबोधन त्यांना लावण्यास सुरुवात केली. एका सर्वनामाच्या बदलाने मूल घरात परके झाले. ही आठवण फ्रोबेल यांनी उतारवयात आपल्या आत्मकथनपर पत्रांत नोंदवून ठेवली आहे.

घराभोवती भिंती आणि कुंपणे होती, समोर चर्च होते आणि मागे डोंगर. अंगणाबाहेर जाण्यास मुलाला मनाई होती. बागेतील झाडे आणि फुले हीच त्याची सोबत. वडिलांनी घरी अक्षरओळख करून देण्याचा प्रयत्न केला, पण मुलाला वाचन काही केल्या जमेना आणि वडिलांच्या मनात हा मुलगा मंदबुद्धीचा आहे असा ग्रह झाला. गावातील मुलग्यांच्या शाळेबद्दल वडिलांचे मत चांगले नव्हते. म्हणून फ्रीड्रिख यांना चक्क मुलींच्या शाळेत बसवण्यात आले. तेथे शिक्षकाच्या शेजारी त्यांची बैठक असे. शाळेतील शांतता, स्वच्छता आणि पहिल्याच दिवशी मुलींच्या तोंडून ऐकलेली बायबलमधील वचने यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. घरापेक्षा शाळेत बरे वाटणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात; फ्रोबेल त्यांच्यापैकी एक होते.

१७९२ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, श्टाट-इल्म येथील मामांनी त्यांना आपल्याकडे नेले. मामांचे नाव हॉफमान. तेही धर्मोपदेशक होते, पण त्यांचे घर मोकळे होते. तेथे फ्रोबेल प्रथमच आपल्या वयाच्या मुलांबरोबर मैदानावर खेळले. समवयस्कांबरोबर धावताना आपण शरीराने मागे पडतो, हेही त्यांना तेथेच कळले. खेळातून मूल शरीराने, मनाने आणि समाजात कसे घडते, याविषयी त्यांनी पुढे जे लिहिले त्याचा उगम या पाच वर्षांत शोधता येतो.

== शिक्षण आणि भ्रमंती ==

फ्रोबेल यांचे तरुणपण स्थिर नव्हते. दोन वर्षे ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी करत होते. तेथे गुरूकडून फारसे शिकायला मिळाले नाही. पण जंगलात एकटे हिंडून वनस्पतींचा अभ्यास झाला. १७९९ मध्ये येना येथे शिकत असलेल्या भावाला पैसे पोहोचवण्यासाठी गेले आणि तेथेच विद्यापीठात राहिले. भावाला उसने दिलेले पैसे परत न आल्यामुळे ते कर्जात सापडले, आणि त्यापायी त्यांना नऊ आठवडे विद्यापीठाच्या तुरुंगात काढावे लागले. पदवी न घेताच ते घरी परतले. १८०२ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतरची काही वर्षे जमीनमोजणी, हिशेबनीस आणि खासगी चिटणीस अशा कामांत गेली.

१८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्याच्या हेतूने ते फ्रँकफुर्टला आले. तेथे ग्रूनर नावाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आपल्या आदर्श शाळेत शिक्षक होण्यास सुचवले. वर्गात उभे राहिल्यावर आपले काम सापडल्याची खूण त्यांना पटली. ग्रूनर हे स्वित्झर्लंडमधील थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोत्सी यांचे अनुयायी होते. त्याच वर्षी फ्रोबेल इव्हर्दों येथे जाऊन पेस्तालोत्सींची शाळा पाहून आले. पुढे फ्रँकफुर्टमधील होल्त्सहाउझेन कुटुंबातील तीन मुलांचे खासगी शिक्षक म्हणून, त्या मुलांना घेऊन, १८०८ ते १८१० या काळात ते पुन्हा इव्हर्दोंला राहिले. वस्तू प्रत्यक्ष हाताळून, निरीक्षणातून ज्ञान मिळवावे हा पेस्तालोत्सींचा विचार त्यांनी आत्मसात केला. मात्र त्या शाळेतील विषयांना एकसूत्रता नाही आणि शाळेपूर्वीच्या वयाकडे पुरेसे लक्ष नाही, असे त्यांचे मत झाले.

त्यानंतर ग्युटिंगेन आणि बर्लिन येथे त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला. बर्लिनमध्ये क्रिस्टियान झाम्युएल वाइस यांच्याकडे ते स्फटिकशास्त्र शिकले. स्फटिकाचा आकार आतील नियमानुसार बाहेर वाढत जातो. मुलाचा विकासही असाच आतून बाहेर होत असावा, या विचाराने त्यांना झपाटले. लाकडी ठोकळ्यांच्या त्यांच्या पुढील रचनांत जो भौमितिक काटेकोरपणा दिसतो, त्याचे मूळ खनिजांच्या या अभ्यासात आहे. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते ल्युट्झोच्या स्वयंसेवक पथकात दाखल झाले. तेथे लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन तरुण त्यांना भेटले. दोघेही पुढे त्यांचे सहकारी झाले; मिडेनडॉर्फ तर अखेरपर्यंत सावलीसारखे बरोबर राहिले. युद्धानंतर फ्रोबेल बर्लिनच्या खनिज संग्रहालयात साहाय्यक झाले.

== कायल्हाऊ येथील शाळा ==

फ्रोबेल यांचे थोरले बंधू क्रिस्टोफ हे १८१३ मध्ये सैनिकांची शुश्रूषा करताना तापाच्या साथीत मरण पावले. त्यांची तीन मुले पोरकी झाली. भावजयीने मुलांच्या शिक्षणाविषयी सल्ला विचारताच फ्रोबेल यांनी संग्रहालयातील नोकरी सोडली. क्रिस्टोफ यांची तीन आणि दुसरे बंधू क्रिस्टियान यांची दोन, अशा पाच पुतण्यांना घेऊन त्यांनी १८१६ मध्ये ग्रीसहाइम या गावी शाळा काढली. पाच विद्यार्थ्यांच्या या शाळेला त्यांनी सार्वत्रिक जर्मन शिक्षणसंस्था असे भारदस्त नाव दिले होते. पुढील वर्षी ती रुडोलश्टाटजवळच्या कायल्हाऊ येथे हलवण्यात आली. या पाच पुतण्यांपैकी एकाचे नाव कार्ल. पस्तीस वर्षांनी या नावाला फ्रोबेल यांच्या चरित्रात वेगळेच महत्त्व आले.

१८१८ मध्ये त्यांनी बर्लिनच्या हेन्रिएट विल्हेल्मिन हॉफमाइस्टर यांच्याशी विवाह केला. सुखवस्तू घरातील या सुविद्य स्त्रीने खेड्यातील ओढगस्तीचा संसार पत्करला. त्यांना मूल झाले नाही. १८२६ मध्ये ‘मानवाचे शिक्षण’ हा फ्रोबेल यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाची भाषा अवघड आहे आणि त्यातील ईश्वर, निसर्ग व मानव यांच्या एकत्वाची मांडणी आजच्या वाचकाला गूढ वाटते. परंतु लहान मुलाच्या खेळावरील त्यातील प्रकरणे वाचनीय आहेत. खेळ हा रिकामटेकडा चाळा नसून बालवयातील माणसाचे सर्वांत गंभीर काम आहे, हा विचार त्यांत स्पष्टपणे येतो.

त्या काळी जर्मन राज्यांत उदारमतवादी विचारांवर सरकारची करडी नजर होती. कायल्हाऊची शाळाही संशयातून सुटली नाही. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने अनुकूल अहवाल दिला, तरीही पालक बिचकले आणि विद्यार्थिसंख्या झपाट्याने घटली. १८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. वार्टेनझे आणि विलिसाऊ येथे त्यांनी शाळा चालवल्या. पुढे बुर्गडॉर्फ येथे त्यांच्याकडे अनाथाश्रम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही कामे आली. शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची तयारी किती अपुरी असते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. मुलांना बोलता येत नसे, हातांना वळण नसे, इतरांबरोबर बसण्याची सवय नसे. दोष मुलांचा नव्हता. सहा वर्षांपर्यंत त्यांच्याकडे कोणी हेतुपूर्वक पाहिलेच नव्हते. या अनुभवाने फ्रोबेल यांचे लक्ष शाळेकडून शाळेच्या आधीच्या वर्षांकडे वळले.

== बालोद्यानाची स्थापना ==

पत्नीच्या आजारपणामुळे १८३६ मध्ये ते जर्मनीत परतले आणि पुढील वर्षी कायल्हाऊजवळच्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांचे खेळ आणि हस्तोद्योग यांसाठी एक संस्था सुरू केली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. १८३९ मध्ये पत्नीचे निधन झाले. संस्थेला योग्य नाव सापडत नव्हते. १८४० च्या वसंत ऋतूत मिडेनडॉर्फ आणि बारोप या सहकाऱ्यांबरोबर डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गकडे चालत असताना, खाली पसरलेले खोरे पाहून त्यांना किंडरगार्टन हा शब्द सुचला, अशी आठवण सहकाऱ्यांनी सांगितली आहे. २८ जून १८४० रोजी, गुटेनबर्ग यांच्या मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवाचे निमित्त साधून, बालोद्यानाची रीतसर स्थापना झाली. खर्चासाठी जर्मन स्त्रियांनी भागभांडवल द्यावे अशी योजना होती. तिला अगदी तुटपुंजा प्रतिसाद मिळाला आणि पैशाअभावी ब्लांकेनबुर्गचे हे बालोद्यान १८४४ मध्ये बंद करावे लागले. कल्पना मात्र इतरत्र रुजू लागली होती.

लहान मुलांना सांभाळणाऱ्या संस्था युरोपात याआधीही होत्या. कामावर जाणाऱ्या आईबापांची मुले तेथे दिवसभर राखली जात. इंग्लंडमधील शिशुशाळांत पुष्कळदा पाठांतर करून घेतले जाई. फ्रोबेल यांना नुसती राखण नको होती आणि सहा वर्षांच्या मुलाची शाळा चार वर्षांच्या मुलावर लादणेही नको होते. माळी रोपट्याला ओढून वाढवत नाही, तो माती, पाणी आणि ऊन यांची व्यवस्था पाहतो. बालोद्यान या नावात हाच अर्थ आहे, आणि तेथील शिक्षिकेचे काम माळ्याचे आहे.

=== देणग्या आणि हस्तोद्योग ===

मुलांच्या खेळासाठी फ्रोबेल यांनी क्रमबद्ध साहित्य तयार केले. त्याला त्यांनी देणग्या असे म्हटले. पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू असतात आणि प्रत्येकाला दोरी असते. तान्ह्या मुलापुढे चेंडू झुलवला, लपवला, पुन्हा दाखवला की आहे आणि नाही, आला आणि गेला, वर आणि खाली हे संबंध त्याला भाषेच्या आधी कळू लागतात. दुसऱ्या देणगीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल असतो. गोल घरंगळतो, घन स्थिर बसतो आणि दंडगोल दोन्ही करतो. तिसरी देणगी म्हणजे आठ छोट्या घनांत विभागलेला एक घन. चौथीत त्याच घनाचे विटांसारखे आठ तुकडे असतात. पाचव्या आणि सहाव्या देणग्यांत मोठ्या घनाचे सत्तावीस भाग असून त्यांतील काहींचे आणखी विभाजन केलेले असते. त्यामुळे पाचवीत ३९ आणि सहावीत ३६ तुकडे होतात.

ठोकळे कसे वापरावेत यालाही पद्धत होती. मूल पेटी उपडी ठेवते, खालचे झाकण सरकवून काढून घेते आणि पेटी अलगद उचलते. समोर अखंड घन उभा राहतो. तो मोडायचा नाही. एक-एक तुकडा सरकवून त्याचे दुसरे काही करायचे. खुर्ची, जिना, घर, पूल अशा जीवनातील वस्तू करता येतात. त्याच आठ तुकड्यांचे दोन-दोनचे चार किंवा चार-चारचे दोन गट करून संख्या पाहता येते. मध्यबिंदूभोवती रांगोळीसारख्या आकृतीही मांडता येतात. प्रत्येक रचनेत सर्व तुकडे वापरले जावेत आणि खेळ संपल्यावर घन पुन्हा पेटीत अखंड जावा, असा दंडक असे. अवघ्या आठ ठोकळ्यांत पूर्ण आणि भाग, बेरीज आणि वजाबाकी, अर्धा आणि पाव हे सारे मुलाच्या बोटांना माहीत होते. शाळेत गेल्यावर शिक्षक तेच फळ्यावर लिहितो, तेव्हा मुलाला ते ओळखीचे वाटते.

देणग्यांच्या जोडीला हस्तोद्योग होते. कागदाच्या घड्या घालणे, कातरकाम, कागदी पट्ट्यांचे विणकाम, काड्या मांडणे, मण्यांची ओवणी, मातीकाम आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकृत्या उभारणे, असे त्यांचे स्वरूप होते. देणगीचे रूप बदलत नाही, ती परत पेटीत जाते. हस्तोद्योगात मूल साहित्याचे रूपच पालटते आणि काहीतरी नवे घरी घेऊन जाते.

=== गाणी, वर्तुळ आणि वाफे ===

दिवसाचा मोठा भाग सामूहिक खेळांचा असे. मुले हात धरून वर्तुळ करत. गाणे म्हणत पक्षी, मासे, गिरणी किंवा गाडीचे चाक यांच्या हालचाली करत. वर्तुळात कोणी पुढे नसतो, कोणी मागे नसतो. आईच्या पदराआड राहणारे मूलही दोन हातांच्या मध्ये आपोआप सामावले जाते. बालवाडीत पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी आजही शिक्षिका हाच उपाय करतात.

नावात बाग होती तशी ती प्रत्यक्षातही होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असावा आणि सर्वांचा मिळून एक सामाईक भाग असावा, अशी फ्रोबेल यांची योजना होती. स्वतःच्या वाफ्यात मूल काय पेरते हा त्याचा प्रश्न. सामाईक वाफ्याची निगा मात्र सर्वांनी राखायची. पाणी घालायला विसरले तर रोप सुकते, आणि हे सांगण्यासाठी शिक्षेची गरज पडत नाही.

१८४४ मध्ये ‘मातृगीते आणि लाडगीते’ हा त्यांचा चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील खेळगाणी मातांसाठी आहेत. बाळाचे पाय हलवणे, टाळ्या वाजवणे, बोटे मोजणे, भाकरी भाजण्याचा अभिनय करणे असे खेळ खेड्यातील आया पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या होत्या. फ्रोबेल यांनी ते गोळा केले, त्यांना क्रम दिला आणि प्रत्येक खेळामागचा हेतू समजावून सांगितला. मराठी घरांत अडगुलं-मडगुलं किंवा इथे इथे बस रे मोरा म्हणत बाळाला खेळवतात, त्याच जातीचे हे खेळ होत. पद्य म्हणून या गीतांची गुणवत्ता बेताचीच आहे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे.

== शाळेची पूर्वतयारी ==

बालोद्यानातून मूल शाळेत जाणार, तेव्हा त्याला काय यावे, या प्रश्नाचा फ्रोबेल यांनी अखेरच्या वर्षांत पुष्कळ विचार केला. अक्षरांना त्यांचा विरोध नव्हता. अक्षरांची भूक लागण्यापूर्वी ती भरवण्याला होता. लीना नावाच्या सहा वर्षांच्या मुलीवर त्यांनी लिहिलेली एक छोटी कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. लीनाला हातांनी काही ना काही करत राहण्याची आवड असते. वडिलांशी होणारा पत्रव्यवहार पाहून आपणही लिहावे असे तिला वाटू लागते. आई तिला पुस्तक देत नाही. काड्यांनी आकृत्या मांडण्याचा खेळ लीनाला येत असतो. आई तिच्याच नावातील ध्वनी सुटे करून दाखवते आणि त्याच काड्यांनी एक-एक अक्षर मांडायला शिकवते. स्वतःच्या नावापासून सुरू झालेले हे मांडणे हळूहळू लिहिण्यात बदलते, आणि बाहेरगावी असलेल्या वडिलांना लीना पत्र पाठवू शकते.

ज्या मुलाला वडिलांनी वाचन शिकवताना मंद ठरवले, त्याने म्हातारपणी ही कथा लिहावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कथेत आधी हात, मग कान, मग इच्छा आणि शेवटी अक्षर, असा क्रम आहे. घरी मुलाची तयारी करून घेणाऱ्या पालकांचा क्रम बहुधा याच्या नेमका उलट असतो. प्रस्तुत लेखकाने शिक्षक म्हणून पाहिलेल्या पहिलीच्या वर्गांत शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारी, पण पाच चिंचोके मोजून देता न येणारी मुले दरवर्षी असत.

बालोद्यान आणि शाळा यांमध्ये एक जोडवर्ग असावा, असाही विचार फ्रोबेल यांनी मांडला. वस्तूंशी खेळणारे मूल एका दिवसात चिन्हांच्या जगात ढकलले जाऊ नये, वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून चिन्हाकडे जाण्यास त्याला अवधी मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

== शिक्षिकांचे प्रशिक्षण ==

लहान मुलांना शिकवण्यासाठी स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, हा फ्रोबेल यांचा आग्रह त्या काळी नवा होता. आरंभी त्यांनी पुरुषांनाही प्रशिक्षण दिले. पुढे त्यांचा भर तरुण स्त्रियांवर राहिला. मध्यमवर्गीय जर्मन स्त्रीला घराबाहेर सन्मानाचे काम जवळजवळ नव्हतेच, आणि बालोद्यानाने तो मार्ग उघडला. १८४८ मध्ये रुडोलश्टाट येथे भरलेल्या शिक्षकांच्या सभेत त्यांनी आपली पद्धत प्रात्यक्षिकासह मांडली. पांढऱ्या केसांचा मनुष्य मुलांबरोबर पक्ष्यासारखे हात हलवत फिरतो, हे पाहून काही शिक्षक हसले. तरीही सभेने अखेर अनुकूल ठराव केला.

१८४९ मध्ये ते बाड लीबेनश्टाइन येथे राहावयास गेले. तेथील लोक त्यांना म्हातारा खुळा समजत, कारण ते शेतकऱ्यांच्या पोरांना घेऊन टेकडीवर खेळत असत. तेथेच बर्टा फोन मारेनहोल्त्स-ब्युलो या सरदारघराण्यातील विदुषीने त्यांना पाहिले आणि त्यांचे कार्य पुढे नेण्याचा निश्चय केला. नामवंत शिक्षणतज्ज्ञ डीस्टरवेग हेही आधी साशंक होते. प्रत्यक्ष काम पाहिल्यावर तेही समर्थक बनले. १८५० मध्ये जवळच्याच मारिएनथाल येथे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्या वर्षी आल्टनश्टाइन येथे झालेल्या क्रीडोत्सवात सुमारे ३०० मुले सहभागी झाली होती. जुलै १८५१ मध्ये फ्रोबेल यांनी आपल्या विद्यार्थिनी लुइझ लेव्हिन यांच्याशी विवाह केला. त्या त्यांच्याहून तेहतीस वर्षांनी लहान होत्या आणि पतीच्या पश्चात जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी हे काम केले.

== प्रशियातील बंदी ==

या विवाहाला महिना होतो न होतो तोच ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री फोन राउमर यांनी राज्यातील बालोद्यानांवर बंदी घातली. बालोद्याने मुलांना नास्तिक बनवणाऱ्या समाजवादी योजनेचा भाग आहेत, असा आरोप होता. १८४८ ची क्रांती फसल्यानंतर सरकारला सर्वत्र कट दिसत होते. आदेशाला आधार म्हणून जी पुस्तिका दाखवण्यात आली, ती मुलींचे उच्च शिक्षण आणि बालोद्याने यांवर होती आणि तिचा लेखक होता कार्ल फ्रोबेल, ग्रीसहाइमच्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक. कार्ल यांचे बंधू युलिउस हेही त्याच पाचांतले. ते क्रांतिकारी राजकारणात होते आणि १८४८ मध्ये त्यांना मृत्युदंडाची शिक्षा होऊन पुढे माफी मिळाली होती. ज्या पोरक्या पुतण्यांसाठी फ्रोबेल यांनी नोकरी सोडून शाळा काढली, त्यांच्याच आडनावाने त्यांच्या कार्यावर घाला आला.

फ्रोबेल यांनी खुलासे पाठवले. पुतण्याचे विचार आपले नाहीत, आपले लेखन तपासावे, अशी विनंती केली. राजाकडेही अर्ज गेला. सरकारने चूक कबूल केली नाही आणि बंदी उठवली नाही. ती केवळ नामसाधर्म्यातून झाली असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अपुरे आहे. खुलासा मिळाल्यानंतरही आदेश कायम राहिला, याचा अर्थ सरकारचा आक्षेप पद्धतीलाच होता. चर्चच्या चौकटीबाहेर, स्त्रियांच्या हाती चाललेले आणि मुलाला स्वतः करून पाहू देणारे शिक्षण त्या राजवटीला मानवणारे नव्हते.

फ्रोबेल खचले, तरी काम थांबले नाही. एप्रिल १८५२ मध्ये मारिएनथाल येथे मुलांनी आणि विद्यार्थिनींनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा केला. त्यानंतर गोथा येथील शिक्षक परिषदेत ते आत येताच सारी सभा उठून उभी राहिली. काही आठवड्यांतच, २१ जून १८५२ रोजी, मारिएनथाल येथे त्यांचे निधन झाले. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर दुसऱ्या देणगीतील घन, दंडगोल आणि गोल एकावर एक उभे आहेत. बंदी १८६० मध्ये उठली.

== प्रसार आणि टीका ==

बंदीचा एक परिणाम सरकारला अपेक्षित नव्हता. बालोद्यानाची कल्पना देशाबाहेर गेली. मारेनहोल्त्स-ब्युलो यांनी युरोपभर व्याख्याने दिली. जर्मनी सोडून गेलेल्या उदारमतवादी कुटुंबांनी ती इंग्लंड आणि अमेरिकेत नेली. अमेरिकेतील पहिले बालोद्यान मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे जर्मनभाषक मुलांसाठी काढले. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांनी बॉस्टन येथे इंग्रजी माध्यमाचे बालोद्यान सुरू केले, आणि १८७३ मध्ये सुझन ब्लो यांच्या प्रयत्नाने सेंट लुईस येथे ते सार्वजनिक शाळेचा भाग झाले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना लहानपणी आईने फ्रोबेलचे ठोकळे आणून दिले होते. आपल्या रचनांवरील त्यांचा प्रभाव राइट यांनी पुढे आवर्जून नोंदवला.

अनुयायांनी या पद्धतीचे काही वेळा कर्मकांड केले. ठोकळे कोणत्या क्रमाने उचलावेत याच्या तासन्‌तास कवायती झाल्या आणि खेळातील खेळ गेला. बारीक टोचकाम आणि विणकाम लहान मुलांच्या डोळ्यांना व बोटांना त्रासदायक आहे, असा आक्षेप पुढील मानसशास्त्रज्ञांनी घेतला. जॉन ड्यूई यांना गोल म्हणजे विश्वाच्या एकतेचे प्रतीक ही मांडणी पटली नाही. मुलाला चेंडू चेंडूच वाटतो, अशी त्यांची भूमिका होती. मारिया मॉन्टेसरी यांनी साहित्य हाताळण्याचे तत्त्व ठेवले, पण त्यांचा भर कल्पनाखेळापेक्षा इंद्रियशिक्षणावर आणि स्वावलंबनावर होता. यांतील बहुतेक टीका योग्य आहे. मुलाने स्वतः काही करून शिकावे हे फ्रोबेल यांचे मूळ तत्त्व मात्र कोणत्याही टीकाकाराने नाकारले नाही.

== महाराष्ट्राशी संबंध ==

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील एक दुवा पंडिता रमाबाईंचा आहे. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तेथील मुक्कामात त्यांनी बालोद्यान पद्धती पाहिली आणि तिचे प्रशिक्षण घेतले. भारतातील तरुण विधवांना ही पद्धत शिकवली तर मुलांना चांगल्या शिक्षिका मिळतील आणि त्या स्त्रियांना स्वाभिमानाचे काम मिळेल, असे त्यांना वाटले. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. फ्रोबेल यांनी निराधार मुलापासून आरंभ करून शिक्षिकेपर्यंत जो प्रवास केला, तो रमाबाईंनी निराधार स्त्रीपासून सुरू केला, असे म्हणता येईल.

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणावर मॉन्टेसरी यांचा प्रभाव अधिक राहिला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडे परदेशी साहित्य तेथे परवडणारे नव्हते. शंख, शिंपले, बिया, काड्या, पाने आणि माती यांवर त्यांनी भागवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी उभी राहिली. वाडी या मराठी शब्दातही बागेचा अर्थ आहे. नारळीपोफळीची वाडी असते, तशी बालवाडी.